ताई, सर्व्हर चालू आहे

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

सर्व्हर पुन्हा चालू झाला त्या रात्री फोनवर मी "थँक यू" म्हणालो आणि तुम्ही "बरं बरं, आता झोप" म्हणून फोन ठेवलात. पण तेवढ्यावर भागणारं हे काम नव्हतं. शिवाय या घडीला आणखी कुणीतरी माझ्यासारखंच उघड्या कॅबिनेटसमोर बसलेलं असणार, मांडीवर स्क्रू, समोर काळी स्क्रीन आणि पोटात गोळा. म्हणून पत्र उघड लिहितोय. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, ते तुम्हाला खपणार नाही.

आधी माझा गुन्हा कबूल करतो, कारण तुम्ही पहिल्या फोनवर विचारलंत तेव्हा मी अर्धाच सांगितला होता. घरचा स्टोरेज सर्व्हर, चार डिस्क बांधून एकच साठा करणारा झेडएफएस पूल, कित्येक वर्षं बिनतक्रार चाललेला. त्यात एकाच संध्याकाळी मी दुसऱ्या कुठल्याशा सर्व्हरमधून काढलेलं, जास्त डिस्क जोडायचं एक जुनं आठ पोर्टचं कंट्रोलर कार्ड बसवलं, एक एनव्हीएमई स्टिक (पट्टीसारखा छोटा एसएसडी) लावली, दोन नव्या डिस्क जोडल्या, आणि उघडलाच आहे तर म्हणून हातासरशी मदरबोर्डचा नाण्याएवढा सेलही बदलला. सेलचं तुम्हाला सांगितलंच नाही. एवढ्याशा सेलने काय होणार!

बटण दाबलं. पंखे फिरले, थांबले, परत फिरले. स्क्रीन काळी. मी पॉवर काढली, परत दिली. तेच. असं दहा-बारा वेळा केलं असेल. मग रॅम काढून फुंकर मारून बसवली, मग दुसऱ्या खाचेत बसवली. साप साप म्हणून भुई धोपटणं चालू होतं. शेवटी तुमच्या भावाने तुमचा नंबर दिला. तुम्ही म्हणालात, "चालू कर आणि घड्याळ लावून दहा मिनिटं हात लावू नकोस." मला वाटलं टाळताहेत. पण चौथ्या मिनिटाला स्क्रीनवर बायोस, म्हणजे बोर्डचं स्वतःचं सेटिंगचं पान, आलं.

सेल काढल्यावर बोर्ड सगळं विसरलेला असतो. रॅमशी कुठल्या वेगाने, कुठल्या वेळेत बोलायचं हे तो नव्याने शिकतो, आणि त्या शिकण्यात स्वतःच एक-दोनदा बंद होऊन चालू होतो. मी दर मिनिटाला त्याची पॉवर काढत होतो, म्हणजे पोराने पाढा अर्ध्यावर आणला की पाटी पुसत होतो. वर मीच रॅमची जागा बदलून त्याला आणखी एक नवा पाढा दिला.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र आहे. बायोस आलं, पण पुढे "बूट करण्याजोगं काही सापडत नाही". माझा बूटचा एसएसडी यादीतून गायब. मी पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर तयार केला, म्हटलं सिस्टीम नव्याने टाकू, अर्ध्या तासाचं काम. इन्स्टॉलरने डिस्कची यादी दाखवली आणि मी सवयीने पहिलं नाव निवडलं, एसडीए. माझा एसएसडी कायम एसडीएच असायचा. "पुढे" दाबण्याआधी सहज तुम्हाला फोटो पाठवला. तुमचं उत्तर तीन शब्दांचं होतं: "हात खिशात घाल."

त्या दिवशी एसडीए म्हणजे पूलमधली एक डिस्क होती. कार्ड बसल्यामुळे डिस्क सापडण्याचा क्रम बदलला आणि नावं इकडची तिकडे झाली. ही नावं डिस्कची नसतातच, रांगेत कोण कितव्या नंबरला उभं आहे एवढंच ती सांगतात. मी "पुढे" दाबलं असतं तर एका डिस्कवरचा डेटा तिथेच संपला असता, आणि पुन्हा घाबरून आणखी काय दाबलं असतं ते सांगवत नाही. त्या पूलवर बाबांच्या आवाजातली रेकॉर्डिंग आहेत.

मग तुम्ही मला शांतपणे जे सांगितलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. प्रत्येक डिस्कवर झेडएफएस आपली ओळखचिठ्ठी चार ठिकाणी लिहितं, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटी. डिस्क या पोर्टवरून त्या पोर्टवर नेली, कार्डावर लावली, दुसऱ्या मशीनमध्ये टाकली, तरी पूल आपली माणसं ओळखतो. "तुझा डेटा जागच्या जागी आहे. त्याला धोका फक्त तुझ्यापासून आहे." हे ऐकून राग यायला हवा होता. मला मात्र दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

पुढचं काम तुम्ही उलट्या बाजूने करायला लावलंत. कार्ड बाहेर, एनव्हीएमई बाहेर, डेटाच्या सगळ्या डिस्कच्या केबल सुट्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नंबर टाकलेला. (पट्टी लावायला मी कुरकुर केली होती, माफ करा. नंतर तिनेच तारलं.) उरलं काय, तर बोर्ड, एक रॅम आणि एसएसडी. तरीही एसएसडी दिसेना. तेव्हा तुम्ही विचारलंत, "सेल वगैरे काही बदललास का?" मी ततपप झालो.

माझी सिस्टीम जुन्या मशीनवर टाकलेली, म्हणजे जुन्या लेगसी पद्धतीने बूट होणारी. बोर्डवर त्यासाठी सीएसएम नावाचं सेटिंग मी कधीकाळी चालू केलं होतं आणि विसरलो होतो. सेल काढताच बोर्ड मूळ सेटिंगवर गेला आणि त्याला यूईएफआय या नव्या पद्धतीशिवाय दुसरी भाषा कळेना. एसएसडी ठणठणीत होता, त्याला कुणी विचारत नव्हतं इतकंच. सेटिंग चालू केलं आणि ग्रबचा, म्हणजे सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यू आला. मी घरात ओरडलोच.

ओरडणं लवकर झालं. स्क्रीनवर दीड मिनिटांची उलटी मोजणी सुरू झाली आणि शेवटी सिस्टीम इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसली. पण या खेपेला हात खिशात होते. सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये मी माझी "बॅकअप" डिस्क एसडीबी-१ अशी लिहिलेली. ती डिस्क आता जोडलेलीच नव्हती, आणि माझ्या ओळीत असं कुठे लिहिलं नव्हतं की ती नसली तरी पुढे जा. त्या ओळीत डिस्कची न बदलणारी ओळख, यूयूआयडी, घातला, शेवटी नोफेल जोडलं, मशीन सुरळीत चढलं.

"बॅकअप" शब्दाला मी अवतरणचिन्हं का घातली हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही विचारलंत, "ती डिस्क कुठे आहे?" मी म्हणालो, त्याच कॅबिनेटमध्ये. फोनवर शांतता. शिव्या घातल्या असत्यात तरी बरं वाटलं असतं.

मग एकेक वस्तू परत, प्रत्येकीनंतर एक पूर्ण बूट. जुन्या डिस्क लावल्या, पूल ठीक. एनव्हीएमई लावली, आणि पूलमधली एक डिस्क नाहीशी, जोडीला ती बॅकअपवालीही. माझ्या मते केबल खराब, नाहीतर डिस्कच गेली, कदाचित दोन्ही. चोर सोडून संन्याशाला सुळी. तुम्ही बोर्डच्या पुस्तकातलं स्टोरेजचं पान मागितलंत. तिथे तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं: एम.२ खाच (एनव्हीएमईची) वापरली तर साटा पाच आणि सहा (डिस्कचे पोर्ट) बंद. माझ्या पट्ट्यांवरचे आकडे पाहिले, पाच आणि सहा. ते पुस्तक इतकी वर्षं कपाटात होतं, मी एकदाही उघडलं नव्हतं.

त्या दोन्ही डिस्क कार्डावर नेल्या. कार्डाने बूटच्या वेळी स्वतःचा फलक दाखवून आपल्या डिस्क पुढे रेटल्या, तेव्हा बायोसमध्ये त्या खाचेचा ऑप्शन रॉम, म्हणजे कार्डाचा बूटवेळचा प्रोग्राम, बंद केला. नव्या डिस्क फिरतच नव्हत्या, त्यांचं कारण वेगळं निघालं. त्या डेटा सेंटरसाठी बनवलेल्या, आणि अशा काही डिस्कमध्ये पॉवरच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क "बंद राहा" असा अर्थ घेते, आणि माझा पॉवर सप्लाय तिथे ते व्होल्ट देतो. पिनेवर वीज अडवणाऱ्या पिवळ्या कॅप्टॉन टेपचा तुकडा लावला. तो तुकडा चिमट्याने बसवायला मला पाऊण तास लागला. त्याआधी मी मोलेक्स या जुन्या पॉवर जोडावरून साटा करणारा ओतीव प्लास्टिकचा स्वस्त जोड घेणार होतो, तुम्ही "आग लागते त्याने" म्हणून तो विषय तिथेच संपवलात.

शेवटी सगळं लागलं, स्क्रीन काढली, कपाट बंद केलं, आणि सर्व्हर नेटवर्कवर दिसेना. मी पुन्हा रडवेला. तुम्ही एवढंच विचारलंत, "मेला कशावरून? स्क्रीन लावून बघितलंस?" तो मस्त चालू होता. कार्डामुळे बोर्डच्या बसवरचे (कार्ड जोडणाऱ्या वाटेवरचे) नंबर सरकले आणि नेटवर्क पोर्टचं नाव बदललं, जुन्या नावाने लिहिलेला पत्ता कुणाच्या कामाचा राहिला नव्हता. आता नाव मॅक पत्त्यावरून, म्हणजे पोर्टच्या स्वतःच्या नंबरावरून, बांधून टाकलंय.

ताई, तुम्ही हे सगळं लांबून केलंत, पण उंटावरून शेळ्या हाकल्या नाहीत. एकदाही "मी सांगते तसं कर" म्हणाला नाहीत. प्रत्येक वेळी "आता तुला काय दिसतंय?" हाच प्रश्न. पहिल्या दिवशी त्याचा कंटाळा आला होता. तिसऱ्या दिवशी मी तो स्वतःलाच विचारायला लागलो आणि तुमचा फोन निम्म्याने कमी वाजला असेल.

तुम्ही सांगितलंत तसं दोन नव्या डिस्कपैकी एक बाहेर गेली आहे. तिच्यावर पूलची पूर्ण प्रत आहे आणि ती बहिणीच्या घरी कपाटात आहे. बाबांची रेकॉर्डिंग तिच्यावरून उघडून ऐकून पाहिली, मगच विश्वास ठेवला.

आता एक काम उरलंय. सुरू होताना मोठी डिस्क १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर ओढते, माझ्याकडे सहा एकदम उठतात, आणि पॉवर सप्लाय नऊ वर्षांचा झालाय. शनिवारी तो बदलतोय. एकटा पॉवर सप्लाय. सेलला हात लावणार नाही.

तुमचा,
खिशात हात घातलेला