काकू, तो पाठकोरा कागद अजून माझ्याकडेच आहे

प्रिय काकूंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या दारात टाकता आलं असतं. पण आपल्या मंडळातल्या निदान चारजणी माझ्यासारखीच अर्धी पदवी ट्रंकेत ठेवून बसल्या आहेत, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

लग्न करून न्यू जर्सीतल्या एडिसनला आले तेव्हा माझं एस.वाय.बी.कॉम. झालं होतं. टी.वाय.च्या ऐन तोंडावर लग्न ठरलं. व्हिसा एच-४, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोचा, म्हणजे तेव्हा नोकरीचं नाव नाही. कुणी शिक्षण विचारलं की मी ‘बारावी’ सांगायचे. अर्धवट बी.कॉम. सांगण्यापेक्षा ते सोपं वाटायचं.

ओक ट्री रोडवर भाजी घेताना तुम्हाला सहज म्हणाले, एक कंपनी ‘अनुभवावर’ सहा आठवड्यांत पदवी देते, पैसे भरणार आहे. तुम्ही मेथीची जुडी खाली ठेवलीत. “वेडी आहेस का? आधी ॲक्रिडिटेशन बघ, त्या पदवीला मान्यता आहे का ते.” मग दुसरा प्रश्न, “मार्कशीट कुठे आहेत?” लग्नानंतर तो प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला.

त्या रात्री तुमच्या स्वयंपाकघरात दिवाळीच्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूला तुम्ही हिशोब मांडलात. इथली बॅचलर्स पदवी म्हणजे साधारण १२० क्रेडिट, म्हणजे शिकलेल्या विषयांचं माप. आपल्याकडच्या पूर्ण वर्षाला बहुधा तीसच्या आसपास मिळतात. म्हणजे दोन वर्षं वाया गेलेली नाहीत, ती फक्त मोजायची राहिलीत. मोठ्यांनी परत शिकावं म्हणूनच निघालेली कॉलेजंही तुम्ही सांगितलीत: ट्रेंटनचं थॉमस एडिसन (१९७२), ऑल्बनीचं एक्सेल्सियर (१९७१), कनेक्टिकटचं चार्टर ओक (१९७३). ज्याला शाळा जेमतेम काही महिने मिळाली त्या माणसाचं नाव कॉलेजला, आणि त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा आपल्याच गावात! मला तर हा शकुनच वाटला. तुम्ही म्हणालात, “शकुन नंतर, आधी इव्हॅल्युएशन.” म्हणजे आपल्याकडच्या शिक्षणाचं इथल्या क्रेडिटमध्ये मोजमाप.

तिथे मी माती खाल्लीच. स्वस्त म्हणून साधा रिपोर्ट मागवला. त्यात फक्त ‘दोन वर्षांचं शिक्षण’ एवढंच आलं. कॉलेजला हवा होता विषयवार, कोर्स-बाय-कोर्स रिपोर्ट. पुन्हा पैसे. तुम्ही रागावलात, आणि मग पोहे केलेत.

त्यासाठी लागणाऱ्या सीलबंद ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकासाठी, भावानं इचलकरंजीहून विद्यापीठात तीन खेपा घातल्या. प्रत्येक वेळी वेगळ्या खिडकीवर पाठवलं. पाच महिन्यांनी लिफाफा निघाला आणि ५४ क्रेडिट मिळाली. अकाउंटन्सी, अर्थशास्त्र, कॉमर्स, सगळं मोजलं गेलं. त्या दिवशी मी रडले ते तुम्हाला माहीत आहे, पण का ते तेव्हा सांगता आलं नव्हतं. ज्या दोन वर्षांचा उल्लेखही मी टाळायचे, ती कुणीतरी विषयवार वाचली होती.

उरलेल्या ६६ मधली काही तुम्ही ‘क्लेप’कडे वळवलीत, म्हणजे वर्गात न बसता परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायची सोय. दीड तासाची परीक्षा, २० ते ८० च्या मापावर ५० आले की बहुतेक कॉलेजं क्रेडिट देतात, आणि वर्गाच्या फीपुढे खर्च किरकोळ. मॅनेजमेंट, बिझनेस लॉ सहज सुटले. अमेरिकन गव्हर्नमेंटमध्ये मात्र ४७! पंचायत ते राज्यसभा पाठ असलेली मी इथल्या समित्यांत अडकले. तीन महिने थांबल्याशिवाय परत बसता येत नाही म्हटल्यावर तुम्ही रोज संध्याकाळी फोनवर मला एक प्रश्न विचारायचात, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये.

क्लेपनं बहुतेक सुरुवातीचेच विषय उरकतात. वरच्या वर्गाचे विषय रीतसर शिकावेच लागले, एका वेळी एक, मुलगा झोपल्यावर. चार वर्षं गेली. सहा आठवड्यांची ती कंपनी अधूनमधून आठवायची, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात कॅपस्टोन, म्हणजे पदवीचा शेवटचा विषय, पास झाला. ट्रेंटनहून जाड पाकीट आलं. ते आधी तुम्हालाच दाखवायचं होतं, पण तुम्ही लेकीकडे टेक्सासला. म्हणून त्या कागदावर ‘राहिले’ या तुमच्या अक्षरातल्या शब्दापुढे मीच पेन्सिलीनं शून्य काढलं.

परत आल्यावर कागद मागाल. देणार नाही. पदवी बघायला मात्र या, पोहे मी करते.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची