ऑपरेशन होतं, पण पोटावरची पिशवी सांभाळायला कोण शिकवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात आणि नवी मुंबईत आता पोटाची मोठमोठी ऑपरेशनं होतात, आतड्याचा कॅन्सर असो, आतडं फुटणं असो नाहीतर पीळ बसणं असो, दरवेळी मुंबई गाठावी लागत नाही, ही खूप चांगली गोष्ट आहे. पण यातल्या बऱ्याच पेशंटच्या पोटावर आतड्याचं तोंड बाहेर काढून तिथे पिशवी लावतात, त्याला स्टोमा म्हणतात, आणि ती पिशवी घरी कशी सांभाळायची हे शिकवणारं माणूस बहुतेक ठिकाणी नसतं, हे सांगायला हे पत्र लिहितेय.

आमच्या घरात माझ्या मोठ्या दिरांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. सर्जन उत्तम होते, गाठ पूर्ण निघाली, आतला जोड भरून येईपर्यंत त्यावरून मल जाऊ नये म्हणून लहान आतडं काही महिन्यांसाठी पोटावर काढलं. त्याला इलिओस्टोमी म्हणतात. वॉर्डातल्या सिस्टरनी ड्रेसिंग, नळ्या, सलाईन सगळं मन लावून केलं, त्यांच्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. पण डिस्चार्जच्या दिवशी हातात कार्ड, गोळ्यांची यादी आणि दोन पिशव्या दिल्या आणि "चार दिवसांनी बदला" एवढंच सांगितलं. कशी बदलायची, पिशवीच्या चिकटणाऱ्या भागात स्टोमासाठी भोक किती कापायचं, काही नाही. घरी आल्यावर जाऊबाईंनी अंदाजाने भोक कापलं, ते मोठं झालं आणि आठवड्याच्या आत आजूबाजूची कातडी भाजल्यासारखी लालभडक होऊन सोलली. कातडी सोलली की पिशवी चिकटत नाही, पिशवी चिकटली नाही की अजून गळतं, अजून सोलतं. भाऊजी रात्री झोपायला घाबरायचे, कुशीवर वळले की गळेल म्हणून, आणि घरात कुणी पाहुणा आला की आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

नंतर एका ओळखीच्या सिस्टरनी घरी येऊन दाखवलं तेव्हा कळलं की हे सगळं टळण्यासारखं होतं. लहान आतड्यातून येणारं पातळ असतं आणि त्यात पाचक रस असतात, ते कातडीला लागले की कातडी जळते, म्हणून स्टोमा मोजून त्याच्यापेक्षा फक्त २-३ मिलिमीटर मोठं भोक कापायचं. स्टोमा सुरुवातीला सुजलेला असतो आणि पुढचे सहा-आठ आठवडे आकसत जातो, म्हणून दरवेळी नव्याने मोजायचं. कातडी साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची, तेल, क्रीम, टाल्कम पावडर काही लावायचं नाही कारण मग पिशवी धरत नाही. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, गच्च भरू द्यायची नाही. अंघोळ बिनधास्त करायची. निरोगी स्टोमा ओठाच्या आतल्या भागासारखा लाल आणि ओलसर असतो, त्याला हात लावला तर दुखत नाही, म्हणूनच घासून जखम झाली तरी पेशंटला कळत नाही, रोज डोळ्यांनी बघावं लागतं. काळा-जांभळा पडला किंवा कित्येक तास काहीच बाहेर आलं नाही आणि पोटात कळा, उलट्या सुरू झाल्या तर सरळ हॉस्पिटल गाठायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिशवीत दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर जायला लागलं तर नुसतं पाणी ढोसून उपयोग नाही, मीठ पण जातं, ओआरएस द्यायचं आणि डॉक्टरांना कळवायचं, नाहीतर किडनीवर येतं. हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत एक पानभर छापून द्यायला असा कितीसा खर्च येतो?

दुसरी गोष्ट जागेची. ठरवून केलेलं ऑपरेशन असेल तर आदल्या दिवशी पेशंटला उभं करून, बसवून, वाकायला लावून पोटावर पेनाने खूण करायची असते, म्हणजे स्टोमा घडीत, जुन्या टाक्यावर किंवा पट्ट्याच्या रेषेवर येत नाही. भाऊजींचा बरोबर पँटच्या पट्ट्याखाली आला. बाईमाणसाला साडी-परकराची गाठ कुठे येते हे विचारणारं कुणीतरी नको का?

स्टोमासाठी खास माणूस ठेवणं हे काही नवीन फॅड नाही. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ साली नॉर्मा गिल या स्वतः इलिओस्टोमी झालेल्या बाईंना याच कामावर घेतलं आणि १९६१ मध्ये याचं ट्रेनिंगही सुरू झालं. आपल्याकडे परळला टाटा हॉस्पिटलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे, ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियाचं कामही मुंबईतच चालतं. पण ताजं ऑपरेशन झालेल्या माणसाने पोटाला पिशवी लावून ठाण्याहून लोकलच्या गर्दीत परळला जायचं, धक्क्यात पिशवी सुटली तर काय, हा विचार करूनच लोक जात नाहीत.

महात्मा फुले योजनेत ऑपरेशन मोफत होतं, हा गरिबांना फार मोठा आधार आहे, पण डिस्चार्जनंतरचा फॉलोअप धरलाय १० दिवसांचा आणि पिशवी राहते कित्येक महिने, काहींची तर जन्मभर. पिशव्या स्वस्त नाहीत. काटकसर म्हणून तीच पिशवी धुऊन परत चिकटवणारे लोक मी स्वतः पाहिलेत, प्लास्टिकची थैली बांधणारेही पाहिलेत, आणि त्यांना काय बोलायचं?

वॉर्डातल्या सिस्टरवर हे टाकून चालणार नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नॉर्मप्रमाणे साध्या हॉस्पिटलात पाच पेशंटमागे आणि मेडिकल कॉलेजमध्ये तीन पेशंटमागे एक नर्स हवी, प्रत्यक्षात अख्खा वॉर्ड एक-दोघींवर असतो, त्यांनी इंजेक्शनं द्यायची की तासभर बसून पिशवी शिकवायची?

म्हणून ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना आणि जिल्हा आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे की जिथे जिथे आतड्याची ऑपरेशनं होतात तिथे निदान एका सिस्टरला स्टोमाचं ट्रेनिंग द्या, तिला दुसरी ड्युटी लावू नका, आठवड्यातून एक दिवस तिची ओपीडी ठेवा, आणि घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने पिशवी बदलून दाखवल्याशिवाय डिस्चार्ज देऊ नका. योजनेत पिशव्यांचाही खर्च धरा.

आणि संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, खारघर या भागात सरकारी, खाजगी कुठल्या हॉस्पिटलात स्टोमा बघणारी नर्स आहे, कुठल्या वारी, किती वाजता, एवढी माहिती तुमच्या वार्ताहरांकडून काढून एकदा छापा. लोक ते कात्रण कपाटाला चिकटवून ठेवतील.

आपली,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे