पाणी आण गं

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न.

हे फोनवर बोलणं मला जमत नाही. बाबा 'सगळं ठीक ना?' एवढं विचारून फोन तुझ्या हातात देतात, आणि आई, तुझं गॅसवर काहीतरी असतंच. म्हणून लिहिते आहे. बाबांना वाचून दाखव, त्यांच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर झेपत नाही.

सुट्टीत सई तुमच्याकडे चार दिवस राहून आली. आल्यावर तिने मला दोन गोष्टी सांगितल्या. ती भुताचा सिनेमा बघत होती, तर आजोबांनी टॅब काढून घेतला आणि म्हणाले, "तुझ्या आईला मी नको त्या वयात नको ते दाखवलंय, ते अजून मला टोचतं." दुसरी गोष्ट तुझ्याबद्दलची, आई. संध्याकाळी टीव्हीवर काहीतरी लागलं होतं आणि मध्येच तू म्हणालीस, "सई, पाणी आण गं." सई मला म्हणाली, "मम्मी, भरलेला तांब्या आजीच्या शेजारीच होता."

ते ऐकून मी बराच वेळ गप्प बसले होते.

बाबा, आधी तुमचं सांगते. ते टोचणं काढून टाका.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर आले. दोन वर्षं उलटली तरी तुमचं मागांचं साचेखातं काही तुम्हाला परत बोलावेना. आपल्या खानावळीत जेवणारी माणसं एकेक करून गावी गेली, मग आईने डबे बंद केले आणि शिवणाच्या कारखान्यात जायला लागली. तुम्हाला थिएटरात डोअरकीपरचं काम मिळालं. माझी सकाळची शाळा साडेबाराला सुटायची. तीनच्या खेळाला मला ठेवणार कुठे? शेजारच्या काकूसुद्धा तोवर चिपळूणला निघून गेल्या होत्या. 'पुराना मंदिर' १९८४ मध्ये लागला तेव्हा मी सहा वर्षांची होते. मोठ्यांसाठीचा सिनेमा, लहान मुलांना दारातच अडवायचं काम तुमचं, आणि त्याच दारातून तुम्ही मला आत घेऊन शेवटच्या रांगेमागे स्टुलावर बसवायचात. तुम्हाला तेच टोचतं ना? मला माहीत आहे. पण तेव्हा दुसरा उपाय काय होता, तेही मला माहीत आहे.

त्यातल्या भुताचं, सामरीचं, मुंडकं पेटीत आणि धड देवळामागे पुरलेलं. ती पेटी दिसली की मी डोळे गच्च मिटून घ्यायचे. एकदा तुम्ही येऊन माझ्याजवळ उकिडवे बसलात. बॅटरीच्या काचेवर बोटं धरली होती, बोटांतून लाल उजेड येत होता आणि तुमची नखं दिसत होती. तुम्ही कानात म्हणालात, "भुताकडे नको बघू. पडद्याच्या वर, उजव्या कोपऱ्यात बघ. गोल ठिपका येईल. तो आला की वर ऑपरेटरकाका दुसरं मशीन चालू करणार. परत ठिपका आला की चित्र त्या मशीनवर जाणार. मोज बघू किती येतात."

त्यानंतर तो सिनेमा मी इतक्या वेळा पाहिला की पेटी कधी उघडणार हे मला सामरीच्या आधी कळायचं, पण माझं लक्ष कोपऱ्यात. ठिपका दिसला की मी मागे वळून तुमच्याकडे बघायचे आणि तुम्ही दारातून मान हलवायचात. आता रिळं गेली, मशीनं गेली, ठिपका येत नाही. तरी आजही थिएटरात माझी नजर एकदा तरी त्या कोपऱ्यात जाऊन येते.

एक सांगायचं राहूनच गेलं होतं. सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल मुळात सिव्हिल इंजिनियर. आणि ते सिनेमे काढणारे रामसे म्हणजे सात भाऊ, कॅमेरा, आवाज, दिग्दर्शन सगळं घरातल्या घरात वाटून घेतलेलं. वाचलं तेव्हा आपली खानावळ आठवली. आजी निवडायची, आई लाटायची, तुम्ही रात्रपाळीहून येऊन डबे पोचवायचात.

भीती वाटली नाही असं मी म्हणत नाही. रात्री गॅलरीच्या टोकाच्या संडासला जायचं म्हणजे ते बिनमुंडक्याचं धड तिथेच उभं आहे असं वाटायचं. पण आई, तू बाहेर बादली घेऊन उभी राहायचीस आणि सारखी बोलत राहायचीस. "उद्या मेथी आणू की चवळी?" मी आतून ओरडायचे, "चवळी!" "आणि भाकरी की चपाती?" दिवसभर मशीनवर बसून आलेली तू, झोप डोळ्यांवर, तरी एकदाही 'आज एकटी जा' म्हणाली नाहीस. भुताची भीती मी कधी एकटीने काढलीच नाही. एकाने ठिपका दाखवला, एकीने भाजी विचारली. आठवीपर्यंत ती भीती कधी गेली ते कळलंसुद्धा नाही.

दुसरी मात्र गेली नाही. आई, आता तुझ्याशी बोलते.

आपल्याकडे सेकंडहँड टीव्ही आला आणि रविवारी संध्याकाळी सिनेमा बघायला अर्धा मजला आपल्या खोलीत येऊन बसायला लागला. त्या सिनेमांत हिरोची बहीण असायची. ती कॉलेजहून एकटी यायची, पाऊस लागायचा, मागे कोणीतरी यायचं, आणि तू म्हणायचीस, "बेबी, पाणी आण गं." मी उठायचे. मोरीजवळच्या माठातून तुझं नाव कोरलेला स्टीलचा पेला भरायचे. पाठ वळवलेली असली तरी ऐकू सगळं यायचं. ती किंचाळायची, वीज कडाडायची. मी पेला घेऊन येईपर्यंत तिच्या फोटोला हार घातलेला असायचा. खोलीत पंधरा माणसं आणि एकही शब्द नाही. बाबा पंख्याकडे बघत असायचे.

एकदा मी विचारलं होतं, "ती का मेली?" तू म्हणालीस, "सिनेमा आहे तो." भुताच्या वेळीही तू हेच म्हणायचीस, पण त्याच्यापुढे आणखी चार शब्द असायचे. इथे नव्हते. मग मी माझ्या मनानेच जुळवलं: मुलीच्या बाबतीत असं काहीतरी होतं की त्यानंतर ती जिवंत राहू शकत नाही, आणि त्याचं नावसुद्धा घ्यायचं नसतं.

कॉलेजला जायला लागले तेव्हा दादरच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत एका माणसाने माझ्या अंगाला हात लावला. नको तसा. मी घरी आले, माठातलं पाणी प्यायले आणि भिंतीला टेकून बसले. तू विचारलंस, "चेहरा का असा झालाय?" मी म्हणाले, "ऊन लागलं." आई, हे मी तुला आज पहिल्यांदा सांगते आहे.

तुला दोष द्यायला लिहीत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, सगळ्या मजल्यासमोर, तू तरी काय बोलणार होतीस? तुला तरी कुणी काय सांगितलं होतं? आणि मला आता आठवतं, कितीतरी वेळा माझ्यामागून तूही उठून माठापाशी यायचीस. माझ्या हातातला पेला घ्यायचीस आणि नुसता धरून उभी राहायचीस. तुला तहान लागली असेल असं मला वाटायचं. तुलाही ते बघवत नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला सई व्हावी लागली.

आता सिनेमांवर यूए ७+, १३+, १६+ असं लिहिलेलं असतं. बाबा, १९८३ पर्यंत तर यूएसुद्धा नव्हतं, एक सगळ्यांसाठीचा आणि एक मोठ्यांचा, बस. तो आकडा बघूनच मी सईला बसू देते. तरीही नको ते समोर येतंच. आलं की मी टीव्ही थांबवते आणि तिला सांगते, की ह्या माणसाने वाईट केलं, त्या मुलीचं काहीही चुकलेलं नाही, आणि तुला कुणी असं काही केलं तर रात्री दोन वाजता उठवलंस तरी मी ऐकेन. पहिल्यांदा सांगताना माझा आवाज कापला होता. सईने सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, आणि मग म्हणाली, "पुढचं लाव."

येत्या रविवारी आम्ही सकाळच्या गाडीने भांडुपहून निघतो, दहापर्यंत पोचू. बाबा, सईला सामरीची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायची आहे. धडाचीही सांगा, मुंडक्याचीही सांगा, फक्त ठिपका विसरू नका. आणि आई, टीव्हीवर तसं काही लागलं तर तिला उठवू नकोस, जवळ घेऊन बस. काही सुचलं नाही तर 'त्या माणसाचं चुकलं' एवढं म्हण, पुढचं मी बोलते.

दुपारी बाबा झोपले की मला दादरच्या त्या दिवसाबद्दल विचार. मी सांगेन.

तुमची
बेबी