सगळ्या बायका 1 जानेवारीच्या

महोदय,

उपग्रहांचे नकाशे आणि संगणकातल्या याद्या यांमुळे युद्धग्रस्त गावांत ‘नेमक्या माणसापर्यंत’ मदत कशी पोचते, हा कालच्या अंकातला लेख वाचला. गावाचा ठिपका, ठिपक्यावर बोट ठेवलं की कुटुंबांची यादी, यादीबरहुकूम धान्य. गळती बंद, लबाडी बंद. वाचून फार बरं वाटलं. मग दक्षिण सुदानमध्ये एका मदतसंस्थेसाठी अशाच याद्या भरताना आम्ही काय वेगळं करत होतो, तेवढं कळेना.

2017 च्या फेब्रुवारीत तिथल्या लीर आणि मायेंडिट या भागांत दुष्काळ जाहीर झाला, त्यानंतरची गोष्ट. दुष्काळ पावसाचा नव्हे, लढाईचा. तिथल्या बाईला वय विचारलं की ती हसते. मग आपणच अंदाजाने तीस लिहायचं. संगणकाला मात्र तारीख हवी, रकाना रिकामा सोडू देत नाही. म्हणून सगळ्यांना 1 जानेवारी. त्यात तिथल्या नुएर जमातीच्या बायकांची नावं बहुतेक ‘न्या’ने सुरू होतात, न्या म्हणजे मुलगी. स्पेलिंग ज्याच्या त्याच्या मर्जीचं, म्हणून मुख्य कार्यालयातल्या हुशार मंडळींनी नियम केला: गाव एक, तारीख एक, नाव साधारण सारखं, तर नोंद दुबार. एक उडवा.

वाटपाच्या दिवशी एक बाई दलदल तुडवत आली. कमरेपर्यंत ओली, पण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यात बांधलेलं, कोरडं ठणठणीत. माझ्या पडद्यावर तिच्या नावापुढे ‘दुबार’. दुभाष्याने सांगितल्यावर ती रांगेत मागे गेली आणि एका बाईला हाताला धरून घेऊन आली. ही तिची ‘दुसरी नोंद’. चांगली वीतभर उंच. दोघी माझ्यासमोर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. ‘मोज,’ म्हणाली.

मोजल्या. दोन भरल्या. पण पोतं एकच देता आलं, कारण दुरुस्तीचा अर्ज राजधानी जुबाला जाणार, नाव पुढच्या वाटपात येणार. पन्नास किलो ज्वारी माझ्या पाठीमागे थप्पीला लागलेली होती, हेही लिहून ठेवतो. त्या महिन्याच्या अहवालात वगळलेल्या दुबार नोंदींचा आकडा यश म्हणून ठळक छापला होता. त्यात ही बाईही आली. ती यादी भरणारा मीच, तेव्हा दोष एकट्या संगणकाला देत नाही.

ठिपक्यांबद्दल काय बोलावं? वरून छपरं दिसतात. गोळीबार सुरू झाला की माणसं दलदलीतल्या बेटांवर लव्हाळ्यात जाऊन राहतात, त्यांना छप्पर नसतं.

याद्या नकोत असं मी म्हणत नाही. यादी नसली की धान्य बंदूकवाल्याच्या ओळखीने वाटलं जातं, तेही ठाऊक आहे. पण कोण कुठे राहतो याची पक्की यादी उद्या कुणाच्या हाती पडेल, यावर लेखात अवाक्षर नाही. बांगलादेशात मदतीसाठी नोंदवून घेतलेल्या रोहिंग्यांची माहिती म्यानमार सरकारकडे, म्हणजे ज्यांच्यापासून ते पळाले त्यांच्याचकडे गेली. 2021 मध्ये हे प्रकरण बरंच गाजलं होतं. आपल्या लेखकाच्या नजरेतून निसटलं असावं; उपग्रहाला दिसत नाही म्हणा.

जाता जाता: लेखासोबतच्या नकाशात सुदान आणि दक्षिण सुदान एकाच रंगात, सीमेशिवाय रंगवले आहेत. 9 जुलै 2011 पासून ते दोन देश आहेत. नकाशांची थोरवी सांगणाऱ्या लेखाला निदान नकाशा तरी बरोबर जोडायचा होता.

माझ्या मागच्या पत्राचा शेवट आपण जागेअभावी कापला होता. या वेळी कापायचंच झालं तर पहिल्या परिच्छेदातलं कौतुक कापावं.

आपला,
एक नियमित वाचक