मास्क राइडवर नव्हे, रांगेत हवा

महोदय,

सुटीत सारे कुटुंब थीम पार्कला निघाले, की मास्क लावायचा की नाही यावरून घरात दोन तट पडतात. आमच्याही घरात ते पडले. सासऱ्यांना दम्याचा जुना त्रास आहे आणि मुलगी आठ वर्षांची आहे. निघण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत ‘दिवसभर लावा’ आणि ‘मुळीच लावू नका’ एवढे दोनच पर्याय आमच्यापुढे होते. तिथे पूर्ण दिवस काढल्यावर कळले, की वाद घालताना आम्ही जागेचा विचारच केला नव्हता. त्याबद्दलच थोडे सविस्तर लिहिते आहे.

थीम पार्क वरवर पाहता एकच मोकळे मैदान वाटते, पण हवेच्या दृष्टीने तिथे अगदी वेगवेगळ्या जागा असतात. उघड्यावरचे रस्ते, मोठा पाळणा, रोलर कोस्टर या ठिकाणी श्वासावाटे बाहेर पडलेले कण वाऱ्याने क्षणात विरून जातात. याउलट अंधाऱ्या दालनातून नेणाऱ्या राइडची रांग बहुधा आत, बुटक्या छताखाली, नागमोडी वळणे घेत पुढे सरकते. राइड चार मिनिटांची आणि रांग पाऊण तासाची, असे आमच्या बाबतीत दोनदा झाले. त्यांतल्या एका रांगेत आमच्या मागे काही अंतरावर एक गृहस्थ सारखे खोकत होते. रांग वळली, की ते आणि माझे सासरे समोरासमोर येत, मध्ये फक्त एक दोरी. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. शेजारून जाणाऱ्या मोठ्या माणसांची तोंडे माझ्या मुलीच्या डोक्याच्या थोडी वर होती. त्या पाऊण तासात आम्ही तिघांनी मास्क घट्ट बसवले होते याचे मला आजही समाधान वाटते, आणि बाहेर पडताच ते काढले याचेही.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मास्कविषयी दिलेला सल्लाही हाच आहे. गर्दीच्या, बंदिस्त आणि हवा न खेळणाऱ्या जागेत मास्क लावावा, तसेच गंभीर आजाराचा धोका ज्यांना अधिक आहे त्यांनी लावावा, असे त्यात म्हटले होते. कोरोनाच्या महासाथीच्या पहिल्या वर्षी पार्कवाल्यांचे नियम अर्थातच याहून कडक होते. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ११ जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा उघडले, तेव्हा दोन वर्षांवरील प्रत्येकाला मास्क सक्तीचा होता. जपानमधील पार्कांनी तर राइडवर ओरडू नका अशी विनंती केली, आणि फुजी पर्वताजवळच्या फुजी-क्यू हायलँडने ‘मनातल्या मनात किंचाळा’ असे सांगितले. अनेकांना त्याचे हसू आले, पण मोठ्याने ओरडताना तोंडावाटे कितीतरी अधिक कण बाहेर पडतात, हे त्यामागचे कारण खरे होते. मे २०२३ मध्ये कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. बंद खोलीतली हवा मात्र तेव्हाही तशीच राहिली.

हा विषय कोरोनापुरता नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडला भेट दिलेल्यांपासून गोवराची साथ पसरली आणि शंभराहून अधिक लोकांना लागण झाली. रुग्ण निघून गेल्यावरही गोवराचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. त्यावर खरा उपाय लसच, मास्क नव्हे. पण दूरदूरहून आलेली माणसे एका छताखाली जमतात आणि संध्याकाळी आपापल्या गावी परततात, हे अशा पार्कांचे स्वरूपच आहे.

मुलांच्या बाबतीत मात्र फार जपावे लागते. दोन वर्षांखालील बाळाला मास्क कधीच लावू नये, कारण गुदमरण्याची भीती असते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२० मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको असे सुचवले होते आणि सहा ते अकरा वयोगटाचा निर्णय परिस्थितीनुसार घ्यायला सांगितले होते. आमची चूक झाली ती पाण्याच्या राइडवर. मुलीचा कापडी मास्क चिंब भिजून नाकपुड्यांना चिकटला. श्वास घेताना तो आत ओढला जात होता, आणि तिने माझा हात घट्ट दाबला तेव्हा कुठे माझ्या ते लक्षात आले. ओला मास्क लगेच काढायचा आणि कोरडा लावायचा, त्यासाठी घरूनच प्रत्येकाचे तीन-चार मास्क वेगळ्या पिशवीत न्यायचे, हे मी त्या दिवशी शिकले. वेगवान राइडवर तो खिशात ठेवलेलाच बरा. खाताना तो काढावाच लागतो, तेव्हा खाणे उघड्यावरच्या टेबलांवरच उरकावे. दमेकऱ्यांनी आणि वृद्धांनी सैल सर्जिकल मास्कऐवजी चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ वापरावा. कडेने हवा शिरत असेल, तर त्याच्या गाळणीचा उपयोग होत नाही.

रांगेतच कोणीतरी आमच्याकडे पाहून “आता कशाला हे थोतांड?” असे म्हणाले. माझ्या मुलीने काही न बोलता मास्क हनुवटीखाली ओढला. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला प्रत्येक अनोळखी व्यक्तीपुढे खुलासा करावा लागू नये, एवढी तरी समज आपण एकमेकांना दाखवायला हवी.

पार्कच्या व्यवस्थापनांकडे माझी मागणी साधी आहे. नकाशावर उंचीची अट आणि प्रतीक्षेचा वेळ जसा छापता, तसेच कोणत्या राइडची रांग बंद दालनात आहे तेही छापा. त्या दालनात कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र लावून त्याचा आकडा प्रवेशापाशी दाखवा. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग असतो, आणि आत तो जितका चढेल तितकी इतरांच्या श्वासातली हवा आपण पुन्हा घेत असतो. तो आकडा पाहून मास्क लावायचा, की सासऱ्यांना बाहेरच्या बाकावर सावलीत बसवायचे, हे आमचे आम्ही ठरवू.

आपली,
एक नियमित वाचक