आई-बाबा, माझं येणं लांबलंय

प्रिय आई, बाबा,

फोनवर हे बोलायला घेतलं की माझा आवाज चढतो आणि बाबा गप्प होतात, म्हणून लिहितेय. दादाला पाठवलंय, तो मोठ्या अक्षरात छापून आणेल. आई, तूच वाचून दाखव. बाबांच्या डोळ्यांना ताण नको.

मी २६ ऑक्टोबरपर्यंत इथेच राहतेय. परतीचं तिकीट काल बदललं. म्हणजे १७ तारखेला बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होईल तेव्हा मी तिथे नसेन. तारीख अलीकडे आली हे खरं, पण ती कळल्यावरही मी तिकीट पुढे नेलं, हेही खरं. बाबा, रागावा, पण आधी सगळं ऐकून घ्या.

आम्ही सहा जण जॉर्जिया या देशात आलो, सगळे वाइनवर लिहिणारे. पहिले चार दिवस पूर्वेकडच्या काखेती भागात होतो. तिकडे सगळेच जातात. मोठ्या वायनरी, चांगले रस्ते, इंग्रजी बोलणारी मुलं. मग कुताइसीहून नाकेराला घाट ओलांडून राचा या डोंगराळ भागात उतरलो. आंब्रोलाउरी हे इथलं मुख्य गाव, तेही लहानसंच. रिओनी नदीच्या काठाने उन्हाकडे तोंड करून असलेले उतार आणि त्यांवर द्राक्षांचे मळे. ख्वांचकारा नावाची वाइन इथली. आलेक्सान्द्रौली आणि मुजुरेतुली या दोन जातींच्या द्राक्षांची, लाल आणि किंचित गोड. गोडी वरून घालत नाहीत. द्राक्षं उशिरा काढतात, त्यामुळे साखर भरपूर असते. रस आंबत असतानाच डोंगरातली थंडी पडते, रस आंबवणारं यीस्ट थंडावतं आणि उरलेली साखर तशीच मागे राहते. हल्ली कारखान्यांत टाक्या गार करून हेच घडवून आणतात. मला ते थंडीने झालेलं बघायचं आहे, आणि थंडी काही माझं तिकीट बघून पडत नाही. यंदा पाऊस लांबला, तोडणी मागे गेली. बाकीचे चौघे परवा निघाले, मी आणि आणखी एक जण थांबलोय.

काखेतीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. या देशात द्राक्षांच्या पाचशेच्या वर जाती आहेत, त्यातल्या काही एवढ्याशा खोऱ्यातच पिकतात. शेजारच्या लेचखुमीत एक जात आहे, उसाखेलौरी. नावाचा अर्थच ‘निनावी’. फार थोडी पिकते. अशा ठिकाणी कुणीतरी तोडणीभर थांबून नीट लिहिलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पंधरा वर्षं हेच करतेय मी. तरीही हे सगळं लिहून झाल्यावर वाटतं, तुम्हाला पटवायला एवढं लांबण लावावं लागतंय, म्हणजे माझंच मला पूर्ण पटलेलं नाही.

आई, तुझ्या मनात काय येतं ते मला ठाऊक आहे. वाइन हा शब्द आला की तू पदराशी चाळा करत उठून जातेस. मी सातवीत होते, पण त्या रात्री तू मला शेजारी झोपायला का पाठवलंस ते मला तेव्हाच कळलं होतं. काकूच्या बांगड्यांचंही. मी काहीही विसरलेले नाही. म्हणून तुला स्पष्ट सांगते: आम्ही दिवसात वीस प्रकार चाखतो, तोंडात घोळवतो आणि थुंकतो. त्यासाठी प्रत्येकाजवळ भांडं असतं. गिळलं तर पाचव्या पेल्यानंतर जीभ कामाची राहत नाही. रात्री जेवताना एक पेला घेते. तो तुझ्यापासून लपवणार नाही. दुसरा घेत नाही. भाऊकाकांची शपथ घालू नकोस, तिची गरज नाही.

आणि बाबा, हे सगळं तुमच्यामुळे सुरू झालं. दिवे गेले की तुम्ही मला मांडीवर घेऊन डोळे मिटायला लावायचात आणि नाकाखाली काहीतरी धरायचात. ‘ओळख.’ लवंग. नवी वही. तुमच्या घड्याळाचा पट्टा. एकदा तुम्ही नुसताच रिकामा तळहात धरलात आणि मी ‘बाबा’ म्हणाले. त्या खेळावर माझं पोट चालतं आज. परवा आंबत्या रसावर वाकले, रासबेरीसारखा वास आला आणि त्यामागे काहीतरी जुन्या चामड्याचं. घड्याळाचा पट्टाच आठवला.

आता माझ्या राहण्याचं. एका आजी-आजोबांच्या घरी वरची खोली मिळालीय. दोन रजया आहेत, गरम पाणी आहे, खोलीला आतून कडी आहे. शाकाहाराची चिंता नको. लोबियानी म्हणून राजम्याचं सारण भरलेली भाकर असते, ती इथलीच खासियत, आजी मला रोज वाढते. रस आंबताना कर्बवायू साठतो हे तू कुठेतरी वाचशील आणि घाबरशील, म्हणून आधीच सांगते: मारानीचं, म्हणजे वाइनच्या खोलीचं, दार उघडं असतं आणि मी एकटी आत जात नाही.

या घरातले रांजण तुम्ही बघायला हवे होते. मातीचे, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले, आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला. काखेतीत त्यांना क्वेव्री म्हणतात, इकडे पश्चिमेला चुरी. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत वारसा म्हणून नोंदवली. २०१७ मध्ये या देशातल्याच मातीच्या भांड्यांत सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या वाइनचा अंश सापडल्याचं सिद्ध झालं. पण मला जे दिसलं ते एवढंच: आजोबा गुडघ्यावर बसून, लांब दांड्याला चेरीच्या सालीचा ब्रश लावून चुरी आतून घासत होते. पाणी ओतायचं, घासायचं, उपसायचं. उपसलेलं पाणी ते ओंजळीत घेऊन बघायचे, हुंगायचे आणि पुन्हा घासायला लागायचे. सात वेळा. आठव्यांदा पाणी अगदी नितळ आलं, तेव्हा त्यांनी माझ्यापुढे ओंजळ धरली. मी हुंगलं. कसलाच वास नव्हता. त्यांनी मान हलवली आणि उठायला हात पुढे केला.

तो हात धरून त्यांना उठवलं तेव्हा मला तुम्ही आठवलात, बाबा. त्यांची मुलं शहरात आहेत. इथल्या बहुतेक घरांतली मुलं शहरात आहेत, कितीतरी दारांना कुलूपं आहेत. मुलगी रोज संध्याकाळी फोन करते, आजी फोन कानाला न लावता तोंडासमोर धरून मोठ्याने बोलते, अगदी तुझ्यासारखी, आई. काल त्यांच्या मळ्यात मी दिवसभर द्राक्षं तोडली, टोपल्या उचलल्या. आणि मनात एकच घोळत होतं, दुसऱ्याच्या आईबापांच्या टोपल्या उचलतेय मी. ते माझ्या मनातून गेलेलं नाही. तुमच्यापासून लपवावंसं वाटलं, पण नको.

दादा १६ ला रात्रीच येतोय, वहिनी चार दिवस राहणार आहे. त्याची जबाबदारी जास्त आणि माझी कमी असं मी मानत नाही. २७ ला मी घरी आहे आणि नंतर महिनाभर कुठेही जाणार नाही. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मीच असेन. ती तारीख माझ्याशी बोलल्याशिवाय ठरवायची नाही.

आता नीट ऐका दोघं. बाबा, ऑपरेशन झाल्यावर डोळा चोळायचा नाही, कितीही खाज आली तरी. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डॉक्टर सांगतील तितके दिवस डोकं मागे करून दुसऱ्याकडून केस धुवून घ्यायचे. वाकून चपला शोधायच्या नाहीत, वहिनी देईल. थेंबांच्या वेळा मी कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून दादाला पाठवल्यात, तो कागद फ्रिजवर लावा, ड्रॉवरमध्ये नको. आई, तू स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढणार नाहीस. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी घेतलेला नाही. आणि बाबांचं करता करता तुझ्या बीपीच्या गोळीची वेळ टळली, तर मला वहिनी सांगणार आहे, हे लक्षात ठेव.

मी ओरडून लिहिलं असेन तर माफ करा. इथे आता अंधार पडलाय आणि आजी खालून जेवायला हाका मारतेय. मला उत्तर देता येत नाही, कारण तिच्या भाषेतले मला दहाच शब्द येतात.

१७ ला सकाळी तुमच्याकडे आठ वाजतील तेव्हा इथे साडेसहा असतील. मी उठून बसलेली असेन. निघण्याआधी दादाला फोन लावायला सांगा. बाबा, काही बोलू नका हवं तर, फोनवर नुसता तळहात धरा.

तुमची,
चिमू

ता.क. आई, सोसायटीचं बिल मी भरलंय. पुन्हा भरू नकोस.