आधी कान बघ

शेफिल्ड
१६ सप्टेंबर २०२४

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई मधल्यामधे सांगून टाकते, म्हणून पत्र लिहायला बसले. हे तुमच्या हातात पडेल तोवर अनंत चतुर्दशी होऊन गेलेली असेल. यंदा जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गणपतीला तुम्हाला कोण घेऊन गेलं? आत्याच्या तळमजल्यातला पुराचा गाळ निघाला का? विश्वामित्री नदीतल्या मगरींचे व्हिडिओ इथे हॉस्पिटलात सगळ्यांनी बघितले. "तुझ्या गावात खरंच मगरी असतात?" असं रोज कोणीतरी विचारतं. मी सांगते, असतात, आणि पूर आला की भेटायलाही येतात.

असो. बातमी अशी की परवा शनिवारी मी डॉनकास्टरला जाऊन सेंट लेजर ही घोड्यांची शर्यत बघून आले. होय, तीच. आपल्या सयाजीरावची.

झालं असं, माझ्याबरोबर एक्स-रे विभागात कॅरोल नावाची बाई आहे. पन्नाशीची, तोंडाने फटकळ, मनाने सोनं. ती मूळची डॉनकास्टरची आणि दर वर्षी लेजरला जाते. चहाच्या वेळी ती कौतुक सांगत होती, १७७६ पासूनची शर्यत, इंग्लंडच्या पाच मोठ्या शर्यतींमधली सगळ्यात जुनी वगैरे. मी म्हटलं, ही शर्यत एकदा आमच्या बडोद्याने जिंकली आहे. ती हसली. मी म्हटलं, १९४७, घोडा सयाजीराव, जॉकी एडगर ब्रिट. तिने फोनवर शोधलं आणि चहा तसाच ठेवून माझ्याकडे बघत बसली. मग मी तुमच्याकडून शंभर वेळा ऐकलेलं सगळं ओतलं. प्रतापसिंह महाराजांनी १९४५ साली तो एक वर्षाचा असताना २८,००० गिनींना लिलावात घेतला, त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच साली डर्बी जिंकला होता, लेजरच्या पुढच्याच वर्षी म्हणजे १९४८ ला महाराजांच्या 'माय बाबू' घोड्याने टू थाउजंड गिनीज ही शर्यत मारली. हेही सांगितलं की पणजोबांना तो प्रकार अजिबात आवडला नव्हता. थोरल्या महाराजांचं नाव जनावराला देतात का, म्हणून ते आठवडाभर धुसफुसत होते. आणि तुम्ही अकरा वर्षांचे, "सयाजीराव जिंकला, सयाजीराव जिंकला" असं ओरडत दांडिया बाजारातून पळत सुटलात, तेव्हा कोणा म्हाताऱ्याने तुमचा कान पिळला, महाराजांना अरे-तुरे करतोस म्हणून. हा शेवटचा भाग कॅरोलला समजावता समजावता मी दमले. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. कान नेमका कशासाठी पिळला ते तिच्या डोक्यात शिरेना.

तर अशी मी लेजरला गेले. शेफिल्डहून अर्ध्या तासाची गाडी. सकाळचे अकरा वाजले होते आणि डब्यात सगळे लग्नाला निघाल्यासारखे. बायकांच्या डोक्यावर पिसं, जाळ्या, तबकाएवढ्या टोप्या. पुरुष सुटाबुटात आणि हातात बिअरचा डबा. मी आपली आईची बांधणीची ओढणी घेतली होती. तिचं तीन जणींनी कौतुक केलं, आईला सांगा. (आई, तूच वाचते आहेस, ठाऊक आहे मला.) बाबांना सांगा, डॉनकास्टर म्हणजे रेल्वेचं गाव. १९३८ साली ताशी १२६ मैलांनी पळालेलं ते मॅलर्ड इंजिन इथल्याच कारखान्यात बनलं. स्टेशनात उतरल्यावर मला आपलं रेल्वेचं प्रतापनगर आठवलं.

मला वाटायचं, रेस म्हणजे घोडे पळतात आणि लोक ओरडतात. दिवसभरात सात शर्यती होत्या. सगळ्यांचं पळणं एकत्र केलं तर फार तर पंधरा मिनिटं भरतील, आणि लोक तिथे सहा तास असतात. उरलेल्या वेळात काय करतात, ही खरी गंमत. ते घोडे बघतात, अण्णा. नुसते बघतात.

प्रत्येक शर्यतीआधी घोड्यांना पॅडॉकमध्ये फिरवतात. हिरवळीचं एक गोल रिंगण, भोवती कठडा, आणि कठड्याला रेलून माणसं. मी पहिल्या शर्यतीपासून तिथेच चिकटले. घोडा इतक्या जवळून जातो की त्याच्या नाकपुड्यांतला गुलाबी रंग दिसतो. कातडीखालची शीर मानेवरून खांद्याकडे जाताना दिसते, आपल्या मनगटावर असते तशी, फक्त बोटाएवढी जाड. आयाळीच्या बारीक वेण्या घालून गोंडे बांधलेले. आणि एक गोष्ट तुम्ही कधी सांगितली नव्हती, बहुधा आपल्या पागेत करत नसतील: काहींच्या पुठ्ठ्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन काढलेले होते. रंगाने नाही. केस ओले करून फणीने एक चौकोन इकडे वळवायचा, शेजारचा तिकडे. ऊन पडलं की एक चमकतो, एक काळा दिसतो. आजी रांगोळीचा कागद ठेवायची ना, तसा साचाही मिळतो म्हणे. सगळ्यात नीटनेटका घोडा कोणाचा, यासाठी मोतद्दाराला वेगळं बक्षीस असतं. मोतद्दार म्हणजे बहुतेक माझ्याहून लहान मुलीच. एक चिमुरडी आपल्या घोड्याशी सारखं काहीतरी बोलत चालली होती. आमच्या समोरून गेली तेव्हा ऐकू आलं. ती त्याला रात्री काय जेवणार ते सांगत होती.

तुमचे शब्द मी तिथे मोठ्याने म्हणून दाखवले. आधी कान, मग डोळा, मग मागचं अंग. कान पुढे असले तर घोड्याचं जगाकडे लक्ष आहे. मागे चिकटले असले तर तो रागात आहे. एक पुढे, एक मागे असला तर पाठीवरच्याचं ऐकतोय. मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस आला असेल तर पैसे खिशात ठेव, त्याने शर्यत इथेच पळून घेतली. शेजारी टोपीवाला एक म्हातारा होता. कॅरोलने माझं म्हणणं त्याला ऐकवलं तर तो म्हणाला, हिच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. सांगितला. त्याला मी पंचकल्याणी म्हणजे काय तेही सांगितलं, चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा, असा घोडा दारात शुभ. तो म्हणाला, इथे नेमकं उलट मानायचे, पांढरे पाय जितके जास्त तितका घोडा कच्चा. म्हटलं, बरं.

मग बुकी. ओळीने उभे, प्रत्येकाचा दिव्यांचा फलक, त्यावर घोड्याचं नाव आणि भाव. भाव दर मिनिटाला हलतात. पूर्वी पांढरे हातमोजे घातलेली माणसं हातवाऱ्यांनी या टोकाचे भाव त्या टोकाला कळवायची, आता कॉम्प्युटरने ती खाल्ली. कॅरोलचा सगळा जीव या ओळीत. एकाकडे तेराला एक (एक लावा, तेरा जिंका), तर चार पावलांवर चौदाला एक. ती अशी हिंडते जशी आजी खंडेराव मार्केटमध्ये मेथीच्या जुडीसाठी हिंडायची, घ्यायची पहिल्याच दुकानातून, पण सगळीकडे विचारून.

एका शर्यतीत वीसेक घोडे होते, सरळ रेषेत जेमतेम मिनिटभराचं पळणं. मी कानांवरून एक निवडला. चौदाला एक. पाच पौंड पहिला येण्यावर, आणखी पाच पौंड पहिल्या काही नंबरांत येण्यावर. शर्यत सुरू झाली तेव्हा सगळे घोडे थेट तोंडासमोर येत होते, त्यामुळे कोण पुढे, कोण मागे काहीच कळेना, नुसते रंगीत सदरे उसळताना दिसत होते. माझा चौथा आला. मी शहाणीने तिकीट चुरगळून टाकून दिलं आणि चिप्स आणायला गेले. परत आल्यावर कॅरोल म्हणते, तिकीट कुठाय? अगं, एवढे घोडे असले की चौथ्यालाही पैसे मिळतात! मग दोघी गवतावर वाकून शेकडो चुरगळलेल्या तिकिटांमध्ये माझं शोधतोय. कॅरोलच्या टोपीचं पीस एका माणसाच्या बिअरमध्ये बुडालं. तिकीट सापडलं ते माझ्याच बुटाला चिकटलेलं. साडेबावीस पौंड मिळाले. दिवसभराचा हिशेब: लावले पंचवीस, आले साडेबावीस. प्रवेशाचं तिकीट वेगळं, ते किती ते विचारू नका. काकाला एक सांगा. लंडनच्या शेअर दलालांची जुनी म्हण आहे, मे महिन्यात विकून निघून जा आणि सेंट लेजरच्या दिवसापर्यंत तोंड दाखवू नका. म्हणजे त्याने आता पुन्हा टीव्हीसमोर बसायला हरकत नाही.

आईचा प्रश्न मला इथूनही ऐकू येतोय: जनावराला मारतात ना? मारतात. पण आता मोजून. या शर्यतींत जॉकीला चाबूक जास्तीत जास्त सहा वेळा वापरता येतो, वर गेला तर शिक्षा. घोडे पडतात, पाय मोडतात, हेही खरं आहे. त्या दिवशी माझ्यासमोर तसं काही झालं नाही एवढंच. झालं असतं तर हे पत्र मी लिहिलं नसतं.

आता लेजर. फक्त तीन वर्षांचे घोडे आणि घोड्या, पल्ला तीन किलोमीटरला थोडा कमी, मैदानाला जवळजवळ पूर्ण चक्कर. जॉकी वर चढतात कसे माहीत आहे? रिकिबीत पाय घालून नाही. खालचा माणूस त्यांची नडगी हातात धरतो आणि उचलून फेकतो, पिठाचं डबडं फळीवर ठेवावं तसा. मग सगळे बाहेर पडले. पलीकडच्या बाजूला गेले तेव्हा मुंग्यांएवढे, आणि लोक चक्क गप्पा मारत होते. मग वळण. मांडवीकडून मिरवणूक येते तेव्हा ढोल दिसायच्या आधी गल्लीतल्या माना वळतात ना, तसं झालं. माझ्या डावीकडच्या माना वळल्या, मग आवाज आला, मग घोडे. शेवटी दोघांचीच लढत राहिली, यान ब्रूगल आणि इलिनॉय, दोन्ही एकाच तबेल्याचे, आयर्लंडच्या एडन ओब्रायन या प्रशिक्षकाचे. माझे पाच पौंड इलिनॉयवर. शेवटच्या शंभर पावलांत मी काय ओरडत होते आठवत नाही. कॅरोल म्हणते, मी मराठीत ओरडत होते आणि मागची माणसं माझ्याबरोबर तेच ओरडत होती. इलिनॉय मानेने हरला.

हे मानेने, डोक्याने हरणं म्हणजे खरोखर मापं आहेत, हे मला तिथे कळलं. सगळ्यात कमी फरक म्हणजे नाक, मग डोकं, मग मान, मग अंगभर. सयाजीराव जिंकला तो डोक्याने, म्हणजे मी बघितलं त्याहूनही कमी अंतराने. वितीदीड वितीचं काम. तो अर्बार नावाचा घोडा एक टांग लांब टाकता तर तुमचा कान वाचला असता.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी रिकाम्या पॅडॉकशी पुन्हा जाऊन उभी राहिले. हिरवळीवर खुरांनी उखडलेली ढेकळं, आणि एक पोरगा ती पायाने दाबून बसवत होता. टाचांच्या चपला हातात घेऊन बायका अनवाणी स्टेशनकडे चालल्या होत्या. मी गावच्या नावाच्या बटरस्कॉचचा डबा घेतलाय. कवळीला चिकटेल, तेव्हा तुम्ही फक्त चोखायचा, चावायचा नाही.

सोबत शर्यतीचं कार्ड पाठवतेय. पेन्सिलच्या खुणा माझ्या; ज्यांच्यावर फुली आहे ते फेसाळलेले. तुम्ही नुसत्या नावांवरून निवडून बघा आणि कळवा, निकाल मी वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात चिकटवून ठेवलाय. आईला आधी उघडू देऊ नका.

आणि एक काम. गाडीत परत येताना कॅरोलला मी कमाटीबागेजवळच्या काळ्या घोड्याबद्दल सांगत होते, थोरले महाराज वर बसलेले. तिने विचारलं, त्याचे कान पुढे आहेत की मागे? लहानपणापासून रोज त्याच्याखालून शाळेत गेले, पण मला सांगता येईना. बाबांच्या स्कूटरवर बसून एकदा जाऊन बघून या, आणि लिहा.

तुमची,
सोनू